सही बराबर होती

प्रियदर्शनी आमच्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होती. 'होती' असं लिहायला हात तयार होत नाही. ती जिवंत आहे. घरी आहे. अंगणात पोतं पसरून हळद निवडते, हळकुंडं एकीकडं, गोल गाठीसारखे गट्टू एकीकडं. फक्त ग्रामपंचायतीत नाही.

आम्ही पुसेगावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढं मी हिंगोलीला मराठीत एम.ए. केलं. ती सायन्सला गेली. दुसऱ्या वर्षी तिचे वडील, संतरामकाका, यांना लकवा झाला. ती परत आली आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बसली. मानधन थोडं आणि ते कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. पण घरात तेवढंच येत होतं.

आमचं गाव चिंचधरा. फाट्यापासून आत. ग्रामपंचायतीची एक खोली. संगणकावर जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला असे. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, सगळं दर्शनी काढून द्यायची. गावात तिला दर्शनीच म्हणतात.

बिलंही तीच काढायची. ग्रामपंचायतीचा पैसा बँकेतून निघायचा असेल तर सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. पेनड्राईव्हसारखा दिसतो. तो संगणकाला लावायचा, पासवर्ड टाकायचा, सही होते. ज्याचा डोंगल त्यानं स्वतःजवळ ठेवावा, असा नियम आहे. आमच्याकडं दोन्ही डोंगल दर्शनीच्या ड्रॉवरमध्ये असायचे. दोन्ही पासवर्ड तिला पाठ होते. ग्रामसेवक विश्वंभर भाऊसाहेब यांच्याकडं आणखी गावं होती. ते फोनवरून सांगायचे, "टाक माझी सही." ती टाकायची. आजूबाजूच्या गावांतही असंच चालतं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

सरपंच गोजरबाई. माळावरच्या वस्तीत राहते. जन्मभर लोकांच्या रानात निंदायला गेली. जागा बाईसाठी राखीव निघाली आणि वस्तीनं तिला उभं केलं. निवडून आली. अक्षरं येत नाहीत, पण बिल निघायचं असलं की ती ग्रामपंचायतीत येऊन बसायचीच.

पहिल्यांदा दर्शनीनं तिचा डोंगल संगणकाला लावला, तेव्हा गोजरबाई उठून पुढं आली आणि डोंगलवर अंगठा दाबून उभी राहिली. दर्शनीनं पासवर्ड टाकला.

"झालं का?"

"झालं, मावशी."

"शाई न्हाई लागत?"

"न्हाई. आता बिनशाईचं."

"बरं झालं. पदराला पुसायची तकलीफ वाचली."

तेव्हापासून तसंच सुरू झालं. डोंगल लागला की गोजरबाई अंगठा दाबायची आणि सही झाली असं समजून घरी जायची. मी एकदा तिथं होते. ती गेल्यावर मी दर्शनीला म्हणाले, "तिला सांग की. त्या अंगठ्याचं काही नसतं म्हणून."

दर्शनी म्हणाली, "सांगितलं तर ती यायची बंद होईल. दुसऱ्या गावचे सरपंच येतेत का? ही तरी येते. काय बिल हाय, कुणाचं हाय, विचारते."

मला ते पटलं होतं.

दर्शनी निष्काळजी नव्हती, हे मला लिहायचं आहे. ती फार जपून काम करायची. हिंगोलीला एका प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं की नेटवरून उतरवलेली कुठलीही फाईल सही बघितल्याशिवाय उघडायची नाही. बाकीचे ऐकून विसरले. ती विसरली नाही. एकदा मी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवलं आणि उघडायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

"थांब. आधी सही बघू."

"फाईलला कसली सही?"

तिनं फाईलवर उजवं बटण दाबलं. प्रॉपर्टीज उघडलं. त्यात डिजिटल सिग्नेचर्स म्हणून एक पान होतं. त्यावर एका कंपनीचं नाव होतं. नावावर दाबल्यावर आणखी एक खिडकी उघडली. सही ठीक आहे, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं.

"ही कंपनीची सही. फाईल त्यांच्याकडून निघाली आन् वाटंत कुणी तिच्यात हात घातला न्हाई. घातला असता तर सही मोडली असती."

"आन् कंपनीच चोर असली तर?"

"तू कथा लिही," ती म्हणाली आणि फाईल उघडली.

मार्चचा शेवट होता. गावात हळद शिजत होती. सगळीकडं तोच वास. मार्चअखेर म्हणजे ग्रामपंचायतीत बिलांची घाई. वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीचं बिल निघायचं होतं. ही टाकी गोजरबाईनं मागून मागून मंजूर करून आणली होती. वस्तीवरच्या बाया अजून विहिरीवरून पाणी आणतात.

त्याच दिवशी सकाळी दर्शनीचा संगणक आपोआप अपडेट झाला आणि डोंगल ओळखेना. परिचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच ओरड चालू होती. तेवढ्यात कुणीतरी एक लिंक टाकली. डोंगलचा नवा ड्रायव्हर, हा टाका, चालू होतं. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला डोंगल ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर. लिंक टाकणाऱ्यालाही ती दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवरून आली होती.

विश्वंभर भाऊसाहेबांचा फोन आला. "दर्शनी, टाकीचं बिल काहून थांबलंय?"

"संगणक डोंगल घेऊन न्हाई राहिला, भाऊसाहेब."

"मग घ्यायला लाव. मार्च कुणासाठी थांबत न्हाई."

तिनं फाईल उतरवली. उघडायच्या आधी सही बघितली. सही होती. ठीक आहे, असं लिहून आलं. नाव मात्र डोंगल बनवणाऱ्या कंपनीचं नव्हतं. दुसऱ्याच कुठल्यातरी प्रायव्हेट लिमिटेडचं होतं. तिनं ते नाव वाचलं. वाचून फाईल उघडली.

डोंगल चालू झाला; दोन्ही पासवर्ड टाकून बघितले, तेही घेतले. म्हणून तिला शंका आली नाही. बिल बँकेच्या पोर्टलवर चढायला वेळ लागत होता. ठेकेदाराचा एक कागद यायचा होता. तिनं दोन्ही डोंगल तसेच लावून ठेवले आणि वडिलांना जेवू घालायला घरी गेली.

ती अजून घरीच होती, तेव्हा गोजरबाई मोबाईल घेऊन दारात आली.

"दर्शने, हे बघ. काय वाजलं ह्यात."

बँकेचा मेसेज होता. टाकीचे पैसे खात्यातून गेले होते. कुणाला गेले ते नाव दर्शनीनं कधी ऐकलं नव्हतं.

"बिल निघालं का?" गोजरबाईनं विचारलं. "माझ्याबिगर कसं निघालं? म्या तर आज आलेच न्हाई."

दर्शनी पळत ग्रामपंचायतीत गेली. नेटची वायर उपटली. डोंगल काढले. सायबरच्या नंबरवर फोन लावला. मग पुसेगावला बँकेत. पैसे पुढच्या खात्यात पोचले होते, पण तिथून हलायच्या आत बँकेनं ते अडवले. काही दिवसांनी परत आले. त्या बाबतीत कुणाचं नुकसान झालं नाही. मला वाटलं, प्रकरण संपलं.

हिंगोलीहून सायबरचे एक पोलीस आले. तरुण होते. आधी पाणी मागितलं. मग संगणकासमोर बसले. त्यांनीही त्या फाईलवर उजवं बटण दाबलं आणि तेच पान उघडलं.

दर्शनी म्हणाली, "साहेब, मी सही बघितली होती. बराबर होती."

"बराबरच हाय," ते म्हणाले. "खोटी न्हाई. कंपनीबी कागदावर हाय. पैसे भरून कुणीबी सही काढू शकतं, ताई. कधी चांगल्या कंपनीचीच सही चोरीला जाते. सही एवढंच म्हणते की फाईल ह्या नावाची हाय आन् वाटंत बदलली न्हाई. नाववाला माणूस कसा हाय, ते सही कशी सांगंल?"

"मग बघायचं काय?"

"आपल्याला पायजे तेच नाव हाय का. डोंगल ज्या कंपनीचा, ड्रायव्हर तिच्याच साइटवरून घ्यायचा. ग्रुपवरून न्हाई. सहीत दुसरं नाव दिसलं तर हात काढून घ्यायचा आन् कंपनीला फोन लावायचा." मग त्यांनी विचारलं, "नाव दुसरं होतं, ते दिसलं न्हाई का तुमाला?"

दर्शनीनं संगणकावरच्या लुगड्याच्या तुकड्याची घडी घातली.

ड्रायव्हरसोबत आणखी एक गोष्ट संगणकात शिरली होती, असं त्यांनी सांगितलं. तिच्यामुळं दूर बसलेल्या माणसाला हा संगणक स्वतःच्या समोर असल्यासारखा चालवता येत होता. इथं दाबलेले पासवर्ड त्याला दिसले होते. डोंगल लावलेलेच होते. त्यानं दोन्ही सह्या केल्या.

ते गेल्यावर मी दर्शनीजवळ बसले. ती म्हणाली, "नाव दिसलं होतं मला."

"मग?"

"काही वाटलंच न्हाई. इथं नाव मावशीचं असतं, हात माझा असतो. नाव भाऊसाहेबाचं, हात माझा. म्हटलं, त्या कंपनीतबी कुणी दुसराच सह्या करत असंल."

तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. वेळापत्रक सांगावं तसं.  

पैसे परत आले तरी चौकशी लागली. पैसे सोडणारी शेवटची सही कुणाच्या डोंगलची? सरपंचाच्या. डोंगल कुणाकडं असायला हवा? सरपंचाकडं. गोजरबाईला नोटीस आली. उत्तर पटलं नाही तर पद जाणार होतं आणि पुढं निवडणुकीला उभंही राहता येणार नव्हतं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी विश्वंभर भाऊसाहेब दर्शनीच्या घरी आले. मी तिथंच होते. सुमनबाईंनी, म्हणजे दर्शनीच्या आईनं, चहा ठेवला.

"हे बघ," भाऊसाहेब म्हणाले, "कागदानं डोंगल सरपंचाकडं हाय. तसंच राहू दे. तू काहून मधी येऊन राहिली?"

"डोंगल माझ्या ड्रॉवरमधी होता, भाऊसाहेब. दोन्ही."

"ते सांगितलं तर तू बी जाशील आन् मी बी. काहीच बोलली न्हाईस तर एकटी गोजरबाई. तिला काय पगार हाय? सन्मानाचं पद. गेलं तर गेलं."

"पुन्हा उभं राहता येणार न्हाई तिला."

"तिनं कुठं मागितलं होतं पद? लोकांनी उचलून बसवली."

"टाकी तिनं मागितली होती."

भाऊसाहेबांनी चहा संपवला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचा आवाजही चढला नव्हता. सुमनबाई कप उचलताना मुलीकडं न बघता म्हणाल्या, "तुझ्या बाच्या गोळ्या तुझ्याच पगारातून येतेत, एवढं ध्यानात ठेव." आत संतरामकाका जागे होते. त्यांना बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही काळीपिवळी जीपनं तालुक्याला गेलो. मागच्या सीटवर गोजरबाई मधे, आम्ही दोघी कडेला. गोजरबाईनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. घाबरलेली दिसत नव्हती.

"खरं सांगायला काय भ्यायचं," ती म्हणाली. "त्या दिवशी म्या अंगठा लावलाच न्हाई. मग सही माझी कशी?"

दर्शनी बाहेर बघत होती.

चौकशी अधिकाऱ्यांच्या खोलीत मला भिंतीजवळच्या बाकावर बसू दिलं. अधिकारी वयस्कर होते, शांत होते. त्यांनी गोजरबाईला विचारलं, "ही सही तुमची आहे का?"

"न्हाई साहेब. म्या अंगठा लावला न्हाई त्या दिवशी."

"अंगठ्याचा काय संबंध? ही डिजिटल सही आहे."

"तेच म्हणते मी. त्या बारक्या यंत्रावर म्या अंगठा दाबला की सही होती. दर सहीला दाबलाय. ईचारा हिला."

टेबलाजवळ उभा असलेला कारकून हसला. मग दुसरा हसला. अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. गोजरबाईनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग दर्शनीकडं बघितलं.

"सांग की गं यांना."

दर्शनी उभी राहिली.

"डोंगलला अंगठा लागत न्हाई, मावशी. पासवर्ड लागतो. तो मी टाकत होते."

"आन् माझा अंगठा?"

"तो कुठंच जात न्हवता."

खोलीत पंखा फिरत होता. गोजरबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. 

दर्शनीनं पुढचं सगळं अधिकाऱ्यांना सांगितलं. दोन्ही डोंगल तिच्याकडं होते. दोन्ही पासवर्ड तिला माहीत होते. फाईल तिनं उतरवली, तिनं उघडली. त्या दिवशी सरपंच ग्रामपंचायतीत आल्याच नव्हत्या. भाऊसाहेब खिडकीकडं तोंड करून उभे होते.

"याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"व्हय."

"लिहून द्या मग."

तिनं लिहून दिलं. खाली सही केली. पेननं.

परत येताना गोजरबाई आमच्यासोबत आली नाही. ती एसटीनं गेली. काळीपिवळीत दोघींच्या मधली जागा रिकामी राहिली. मी तिथं पिशवी ठेवली.

गोजरबाईचं पद राहिलं. समज दिली आणि सोडून दिलं. भाऊसाहेबांना दुसरीकडं पाठवलं. दर्शनीला कामावरून कमी केलं. सुमनबाई काही दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या, कारण संतरामकाकांना उचलून बसवायला दोघी लागतात. दर्शनी वसमतच्या एका व्यापाऱ्याची हळद निवडायला घरी आणते. मी जाते, तिच्याजवळ बसते. तिचे हात पिवळे असतात. ती रडलेली मी बघितली नाही. मीही रडले नाही.

नवा परिचालक रुजू झाला. टाकीचं बिल पुन्हा चढलं, त्यावर नव्या ग्रामसेवकाची सही झाली. डोंगल आता गोजरबाई स्वतःजवळ ठेवते, कमरेच्या पिशवीत. नवीन पासवर्ड तिनं फक्त आकड्यांचा करून घेतला. आकडे तिला येतात. पण तिनं सही केली नाही. पडद्यावर काय लिहिलंय ते कळल्याशिवाय करणार नाही, म्हणाली.

एका दुपारी ती दर्शनीच्या अंगणात आली. पोत्याच्या कडेला बसली. एक हळकुंड उचललं, मोडून बघितलं.

"बरी सुकलीय," ती म्हणाली.

"व्हय, मावशी."

"उद्या चल माझ्यासंगं. टाकीचं बिल वाचून दाखव."

दर्शनीचे हात थांबले. "मी न्हाई येत."

"काहून?"

"तुमाला मी वरीसभर फसवलं."

"फसवलंस. म्हणून तर तुला म्हणते. तू सांगितलंस तरी. बाकी कुणी सांगितलं?"

"माझं पाऊल तिथं नको, मावशी. लोक पुन्हा म्हणतील, हात हिचाच."

गोजरबाईनं मोडलेलं हळकुंड पोत्यावर ठेवलं. मग माझ्याकडं वळली. "तू शिकलेली हाईस ना? तू चल."

"मला त्यातलं काही कळत नाही, मावशी."

"वाचता येतं ना?"

"येतं."

"मग वाच."

दर्शनीनं मान वर केली नाही. पण ती मला म्हणाली, "नुसतं नाव वाचू नको, निलम. बिल कुणाचं हाय ते बघ आन् पैसे कुणाच्या खात्यावर चाललेत ते बघ. दोन्ही एकच पायजेत. मग ठेकेदाराला फोन लाव, त्याच्या तोंडून खातं ऐक. फोन कागदावरच्या नंबरवर लावू नको. त्याच्या घरी माणूस पाठवून नंबर आण."

मी तसं केलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या घरून नंबर आणला. त्यानं खात्याचे आकडे सांगितले, मी पडद्यावरचे मोठ्यानं वाचले. गोजरबाई खुर्चीत बसून ऐकत होती. एकदा झाल्यावर म्हणाली, "पुन्हा." मी पुन्हा वाचले. ठेकेदार फोनवर वैतागला.

"बाई, तेच खातं हाय माझं. मागच्या बिलालाबी तेच होतं."

"मागचं बिल म्या बघितलं न्हवतं," गोजरबाई म्हणाली. "सांग पुन्हा."

त्यानं पुन्हा सांगितलं. जुळलं. तिनं कमरेची पिशवी सोडली, डोंगल काढला. परिचालकानं तो लावला आणि हात कीबोर्डकडं नेला. तिनं त्याचा हात बाजूला केला.

"तिकडं बघा दोघंबी."

आम्ही भिंतीकडं तोंड केलं. मागून एक बटण वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. ती आकडे शोधत होती. परिचालक वळायला लागला, मी त्याच्या दंडाला धरलं. तिला पुष्कळ वेळ लागला.